प्रिंट गुलाबी झालीय, टाकून देऊ का?

प्रश्न: नमस्कार. काकांनी जपून ठेवलेला सुपर ८ चा, म्हणजे घरगुती ८ मिलिमीटर फिल्मचा, साउंड प्रोजेक्टर आणि एका जुन्या वेस्टर्नची (काउबॉय सिनेमाची) रंगीत प्रिंट आता माझ्याकडे आलीय, ४०० फुटांची चार रिळं आहेत. लावून बघितली तर सगळंच गुलाबी, आकाश गुलाबी, घोडे गुलाबी. त्यात माणसं उंच आणि काटकुळी दिसतात, आणि गोळीचा बार आधी ऐकू येतो, बंदूक नंतर वर येते. प्रोजेक्टर बिघडलाय का? बल्ब बदलला तर रंग परत येतील का? की प्रिंटच टाकून देऊ?

उत्तर: टाकून अजिबात देऊ नका! तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात, त्यातल्या दोन नीट होण्यासारख्या आहेत आणि तिसरीसोबत जगता येतं.

आधी रंगाचं बोलू. रंगीत फिल्ममध्ये सायन (हिरवट निळा), मॅजेंटा आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या बहुतेक प्रिंटमध्ये सायन सगळ्यात आधी उडतो, पिवळाही हळूहळू फिका पडतो आणि मग उरतो तो मॅजेंटा, म्हणजे तुमचा गुलाबी. डब्यात अंधारात ठेवली तरी हे होतच राहतं, उष्णता आणि दमटपणा असला की आणखी लवकर होतं, त्यामुळे काकांच्या जपण्यात काही कमी पडलं असं मनातही आणू नका. बल्ब बदलून गेलेला रंग येत नाही. काही जण लेन्सपुढे फिकट सायन फिल्टर लावतात, त्यानं गुलाबीपणा थोडा दबतो, चेहरे जरा बरे दिसतात, पण हिरवा-निळा काही परत येत नाही आणि उजेड मात्र कमी होतो. सुपर ८ च्या प्रोजेक्टरमध्ये बऱ्याचदा १०० वॉटचाच बल्ब असतो, त्यातला उजेड घालवणं मला तरी पटत नाही. खोली अगदी काळोखी करा आणि दहा मिनिटं बघत राहा, डोळे त्या रंगाला बरेच सरावतात.

काटकुळी माणसं म्हणजे तुमची प्रिंट स्कोप, म्हणजे रुंद पडद्याची आहे, आणि हे वाचून मला खरंच आनंद झाला! १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं, त्यात रुंद चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवतात आणि दाखवताना अ‍ॅनामॉर्फिक लेन्सनं दुप्पट पसरवतात. ती लेन्स नेहमीच्या लेन्सपुढे लावायची, अगदी सरळ बसवायची, जरा जरी फिरली तरी खांब आणि दारं तिरकी दिसायला लागतात. पैसे घालायचेच असतील तर आधी या लेन्सवर घाला, कारण स्कोप वेस्टर्नची सगळी मजा रुंदीतच आहे, रस्त्याच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरा उभा, मधे नुसती धूळ, हे दाबलेल्या चित्रात कसं कळणार?

आता आवाज. सुपर ८ च्या मॅग्नेटिक पट्टीवर आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं पाऊण सेकंद. गेट (लेन्समागची चित्राची खिडकी) आणि साउंड हेड (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) यांच्यामधे फिल्मचा जो लूप, म्हणजे सैल वळसा, असतो तो बरोबर तेवढाच राहायला हवा. बार आधी येतो म्हणजे लूप लहान पडलाय, फिल्म पुन्हा नीट ओवून बघा. चारपैकी एकाच रिळात असं होत असेल तर मात्र त्या रिळावर आवाजच सरकून भरला गेला असण्याची शक्यता जास्त. आणि जिथे फिल्म तुटून जोडलेली असेल तिथे पाऊण सेकंद गडबड होणारच, पुढे आपोआप जुळतं.

एक काम प्रत्येक वेळी कराच, गेट मऊ ब्रशनं साफ करा, धातूचं काही आत घालू नका. सुपर ८ ची फ्रेम जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंद, ती दोन मीटरच्या पडद्यावर साडेतीनशे पटीहून मोठी होते, आणि गेटमधला एक केससुद्धा हिरोच्या तोंडावर दोरखंडासारखा लोंबतो.

प्रश्न: याच आवडीपायी आणखी एक वेस्टर्न घ्यायचा विचार आहे. घेताना काय बघू?

उत्तर: माझं मत विचाराल तर ब्लॅक अँड व्हाइट घ्या, १९५३ च्या आधीची. त्यात चित्र चांदीचं असतं, रंगाचे थर नसतात, त्यामुळे गुलाबी होण्याचा प्रश्नच नाही, आणि त्या काळातल्या चित्राचा आकार सुपर ८ च्या फ्रेमशी जवळजवळ जुळतो, कडा फारशा कापल्या जात नाहीत. १९३९ चा ‘स्टेजकोच’ घ्या, मॉन्युमेंट व्हॅलीतले ते खडक आणि ढग काळ्या-पांढऱ्यातच भव्य दिसतात. १९५२ चा ‘हाय नून’ ८५ मिनिटांचा, सुपर ८ वर साधारण १७०० फूट भरतो. त्यात गोष्टीतला वेळ आणि आपला वेळ जवळपास बरोबरीनं चालतात, सारखी घड्याळं दिसत राहतात, म्हणून रीळ बदलायला वेळ लावू नका, पुढचं रीळ आधीच हाताशी काढून ठेवा.

डब्यावरचं चित्र बघून भुलू नका, फूट विचारा. व्हिडिओ कॅसेटच्या आधी घरी बघायला म्हणून सिनेमे कापून छोटे करून विकायचे, २०० फुटांचं रीळ म्हणजे फक्त दहा मिनिटं. आणि डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट बेस, म्हणजे चित्राखालची प्लॅस्टिकची पट्टी, कुजायला लागलाय, ते थांबत नाही, फिल्म आकसते, वाकडी होते. अशी प्रिंट घेऊ नका, आणि तुमच्या चार रिळांपैकी एखाद्याला तो वास येत असेल तर ते आजच बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि ओवता येतंय तोवर स्कॅन करून घ्या.