एन्फोर्समेंटला ‘अंमलबजावणी’ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की फ्री सॉफ्टवेअरवर (म्हणजे वापरायची, बदलायची, वाटायची मोकळीक असलेल्या सॉफ्टवेअरवर) मराठीत लिहिताना "वापरकर्त्यांवर लायसन्सची अंमलबजावणी करावी की त्यांना शिक्षित करावं" हे वाक्य बरोबर आहे का.

व्याकरण ठीक आहे हो, अर्थाचा मात्र पार घोळ झालाय. अंमलबजावणी म्हटलं की आपल्याला आधी सरकारी योजना आठवते, रोजगार हमीची अंमलबजावणी वगैरे, आणि धाक दाखवायचा म्हणून पेपरवाले ईडीला म्हणतात तसं सक्तवसुली म्हणावं तर तेही चालणार नाही कारण इथे मुख्य मागणी पैशाची नसतेच, सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रॅमर लिहितात त्या मूळ मजकुराची असते.

पण खरी गडबड ‘वापरकर्त्यांवर’ मध्ये आहे. जीपीएल या फ्री सॉफ्टवेअरच्या प्रसिद्ध लायसन्समध्ये साफ लिहिलंय की प्रोग्रॅम नुसता चालवायला कसलीही आडकाठी नाही, अटी लागू होतात त्या प्रती पुढे देणाऱ्याला, विकणाऱ्याला, त्याने कोडही द्यायचा. लिंक्सिसचा तो निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राऊटर घ्या, २००३ मध्ये लोकांनी शोधून काढलं की आत जीपीएलखालचं लिनक्स आहे आणि कोडचा पत्ता नाही, मग बोंबाबोंब झाली, कंपनीने कोड दिला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं फ्री सॉफ्टवेअर उभं राहिलं. आता ज्याने तो राऊटर घरी लावला त्याने काय मोडलं होतं? काहीच नाही, उलट कोड मागायचा हक्क त्याचा होता.

म्हणून मी तरी सरळ "कंपन्यांना लायसन्स पाळायला लावणं" आणि "वापरणाऱ्यांना त्यांचे हक्क सांगणं" असं लिहीन. ‘शिक्षित करणं’ नकोच, प्रौढ साक्षरता वर्ग चालू असल्यासारखं वाटतं. आणि मधलं ते ‘की’ पण काढा, कारण हक्क माहीत असलेलाच माणूस कोड मागतो ना. २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या फ्री सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेने अमेरिकेत विझिओ या टीव्ही कंपनीवर कोडसाठी केस टाकली ती कॉपीराईटचे मालक म्हणून नाही, टीव्ही विकत घेणारे गिऱ्हाईक म्हणून.

आपल्या ‘बजावणे’त हे सगळं आधीपासून आहे खरं तर, नोटीस बजावतात, पोराला बजावून सांगतात आणि मतदानाचा हक्कही बजावतात. त्यामुळे अंमलबजावणी अगदी ठेवायचीच असेल तर "लायसन्सच्या अटींची अंमलबजावणी" लिहा, फक्त ते ‘वर’ कंपनीला लावा.