ऐतिहासिक नाटकाच्या ऑडिशनला मुलीला पाठवावे का?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. येथील एक हौशी नाट्यसंस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ संपादित स्वरूपात बसवत असून त्यासाठी ऑडिशन ठेवली आहे. मुलीला आनंदीबाईंची भूमिका करायची फार इच्छा आहे. तिने आजवर कॉलेजातली एकच एकांकिका केली आहे आणि पदवीनंतर सी.ए. करायचे ठरले आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की, निवड झाली तर तिच्यात गुण आहे असे समजू, नाही तर नाटकाचा विषय कायमचा बंद. आपले मत काय? आणि पाठवायचे ठरल्यास तिने तयारी कशी करावी? — एक आई, सांगली

उत्तर :

महोदया, सप्रेम नमस्कार.

मुलीला ऑडिशनला अवश्य जाऊ द्यावे. मात्र तिच्या वडिलांनी घातलेली अट त्यांनी मागे घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ऑडिशनमध्ये दिग्दर्शक कोणाच्या अंगी किती गुण आहेत याचा निवाडा करत नसतो, तर तो एका नाटकासाठी माणसे जुळवत असतो. राघोबादादांची भूमिका पन्नाशीच्या नटाकडे गेली असेल, तर त्यांच्या शेजारी एकोणीस वर्षांची आनंदीबाई प्रेक्षकांना पटेल का, रामशास्त्र्यांच्या भरदार आवाजापुढे तिचा आवाज टिकेल का, हे त्याला पाहावेच लागते आणि यातल्या बऱ्याच गोष्टी मुलीच्या हाती नसतात. म्हणून निवड झाली नाही तर तिला अभिनय येत नाही असे ठरत नाही, आणि निवड झाली म्हणजे हाच तिचा व्यवसाय असेही ठरत नाही. आपल्याला हवे असलेले उत्तर तालमीत मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. त्यासाठी तिला त्या नाटकात कोठेतरी जागा मिळणे महत्त्वाचे, मग ती दासीची असो, दरबारातल्या मंडळींमधली असो की वेशभूषा सांभाळणाऱ्या चमूतली. ऑडिशनच्या वेळी तिने आपणहून सांगावे की, आनंदीबाईंची भूमिका आवडेल, पण जे काम द्याल ते मनापासून करीन. हौशी संस्थांना अशी माणसे नेहमीच हवी असतात.

तालमी सुरू झाल्या की तिच्याकडे नीट लक्ष ठेवा. तोच प्रवेश पंधरा दिवस रोज उभा करताना ती कंटाळते की दर वेळी त्यात नवे काही शोधते? स्वतःचा प्रवेश नसताना ती मोबाइल काढून बसते की कोपऱ्यात उभी राहून इतरांचे काम पाहते? दिग्दर्शकाने सर्वांसमोर चूक दाखवली तर घरी येऊन ती रुसते की आरशासमोर तीच जागा पुन्हा करून पाहते? प्रयोगाच्या दिवशी टाळ्या मिळाल्या की सर्वांनाच आनंद होतो, त्यामुळे त्या दिवसावरून काही ठरवू नये. नाटक ज्यांना जन्मभराचे काम म्हणून मानवते त्यांना तालीम आवडते, असा माझा अनुभव आहे.

आता तयारीविषयी. तिने प्रथम मूळ नाटक पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत वाचावे. केवळ आनंदीबाईंचे प्रवेश वाचून जाऊ नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे मूळचे आपल्या सांगलीचेच आणि हे नाटक १९०९ सालचे. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष नट करीत आणि ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवावा लागे. त्यामुळे संवाद लांब आहेत, वाक्यात वाक्य गुंफलेले आहे आणि क्रियापद येईपर्यंत श्वास पुरवणे हीच नवख्या माणसाची पहिली अडचण होते. तिने साधारण दोन मिनिटांचा एक उतारा निवडून तो स्वहस्ते वहीत लिहून काढावा, श्वास कोठे घ्यायचा तेथे पेन्सिलीने उभी रेघ मारावी आणि प्रत्येक वाक्यातल्या ज्या एका शब्दावर भार द्यायचा त्याच्याखाली आडवी रेघ ओढावी. मग तो उतारा आधी अगदी सपाट, भावना न घालता, रोजच्या बोलण्याच्या गतीने म्हणावा. अर्थ नीट लागला की सूर आपोआप सापडतो. उलट आधीच सूर चढवला की ऐतिहासिक नाटकात सगळीच पात्रे एका पट्टीत ओरडू लागतात, आणि परीक्षकांना याचाच सर्वांत जास्त कंटाळा असतो. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांचे उच्चार स्पष्ट हवेत. घरच्या बोलीचा हेल लाजिरवाणा मुळीच नाही, पण पेशव्यांच्या वाड्यातल्या पात्राला तो शोभेल का, हे तिने ओळखावे.

दुसरी तयारी शरीराची. आपल्या सासूबाईंकडून किंवा शेजारच्या एखाद्या आजींकडून तिला नऊवारी नेसायला शिकू द्या आणि ती नेसून रोज अर्धा तास घरात वावरू द्या. जमिनीवर मांडी घालून बसावे, हाताचा आधार न घेता उठावे, वळताना पदर न सावरता वळावे. पदराशी सतत खेळणारा हात पाहिला की दिग्दर्शकाला लगेच कळते की हा वेश तिला परका आहे. ऑडिशनला नऊवारी नेसून जाण्याची गरज नाही. साधा सलवार-कुर्ता आणि बांधलेले केस पुरेत, कारण दिग्दर्शकाला चेहरा आणि चाल पाहायची असते.

तिसरी गोष्ट इतिहासाची. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते, म्हणजे आपल्या मुलीपेक्षाही लहान. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. पण ती आख्यायिका म्हणून ऐकावी आणि त्या बाईंना निव्वळ खलनायिका ठरवून मोकळे होऊ नये. ज्या नटीला आपल्या पात्राचा राग येतो तिला ते पात्र करता येत नाही. आनंदीबाईंना काय हवे होते, कशाची भीती वाटत होती आणि नवऱ्याच्या डळमळीतपणाकडे त्या कशा पाहत असतील, याची चार-पाच वाक्ये तिने स्वतःच्या शब्दांत लिहून न्यावीत. ‘हे पात्र असे का वागते?’ असा प्रश्न दिग्दर्शक हमखास विचारतो.

आपण स्वतः संस्थेला काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. तालमी कोठे आणि किती वाजेपर्यंत चालतात, चमूत आणखी किती मुली आणि बायका आहेत, उशीर झाल्यास मुलींना घरी कोण सोडते, आणि तारखा सत्र परीक्षेच्या आड येतात का? हौशी संस्थेत खर्चासाठी थोडी वर्गणी काढतात, त्यात गैर काही नाही. परंतु ऑडिशन देण्यासाठी किंवा भूमिका मिळण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तेथून निघून यावे. मुलीची हरकत नसेल तर एकदा तालीम पाहून या.

सी.ए.च्या मार्गात हे आड येईल, अशी आपली काळजी रास्त आहे, पण माझ्या मते घडते ते उलट. वाणिज्य शाखेत ५५ टक्के गुण असलेल्या पदवीधराला सी.ए.ची पहिली, म्हणजे फाउंडेशन परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमीडिएट टप्प्याला प्रवेश मिळतो. पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, सुरू झाली की संध्याकाळ आपली राहत नाही. एका मोठ्या नाटकाला वेळ देता येईल असे वर्ष तिच्यासाठी हेच आहे. तिसऱ्या वर्षी मात्र गुणांकडे लक्ष द्यावे लागेल.

आणि तालमींनंतर तिला खरोखरच नाट्यशिक्षणाकडे जावेसे वाटले, तर पदवी पूर्ण करणे तरीही आवश्यक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि नाट्यप्रयोगांतल्या सहभागाचा अनुभवही लागतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी हे महाराष्ट्रातले जवळचे पर्याय आहेत. म्हणून या नाटकाची छापील पत्रिका, छायाचित्रे आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये आत्तापासून जपून ठेवावे. पैशाचेही स्पष्ट सांगतो. हौशी रंगभूमीवर मानधन जवळपास नसते, व्यावसायिक नाटकात प्रत्येक प्रयोगामागे ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते, आणि प्रयोग लागले नाहीत तर तीही मिळत नाही. त्यामुळे पुष्कळ नट नोकरी, अध्यापन किंवा डबिंग यांच्या जोडीने नाटक करतात. हिशेबाचे शिक्षण घेतलेल्या मुलीला ही जोड देणे इतरांपेक्षा सोपे जाईल, हे तिच्या वडिलांना सांगावे.

उतारा निवडताना अडचण आल्यास तिने स्वतः मला लिहावे. प्रश्न तिचा आहे, तेव्हा पुढचे पत्र तिच्या हातचे आले तर मला अधिक आवडेल.