सार्कॉइडोसिस : फुफ्फुसांतला आणि हृदयातला

प्रश्न : मला फुफ्फुसांचा सार्कॉइडोसिस आहे. एका परिचितांना तो हृदयात असल्याचे निदान झाले. हे दोन वेगळे आजार आहेत का?

उत्तर : आजार एकच आहे, त्याने धरलेली जागा निराळी. संरक्षक पेशी एकत्र गोळा होऊन ग्रॅन्युलोमा नावाच्या सूक्ष्म गाठी बनतात, आणि सुमारे 90 टक्के रुग्णांत त्या फुफ्फुसांत किंवा छातीतील लसिका ग्रंथींत आढळतात. हृदयाची लक्षणे असलेले रुग्ण साधारण 5 टक्केच; पण शवविच्छेदनांत हृदयातील गाठी याहून कितीतरी अधिक जणांत सापडल्या आहेत, त्यामुळे ‘दुर्मीळ’ हा शब्द मी जपूनच वापरतो.

प्रश्न : मला औषध न देता केवळ तपासण्या सुरू आहेत, त्यांना मात्र लगेच स्टेरॉइड दिले. असा भेद का?

उत्तर : फुफ्फुसांतील गाठी अनेकदा दोन-तीन वर्षांत आपोआप विरतात. दम लागत नसेल आणि श्वसनचाचणी ठीक असेल, तर स्टेरॉइडच्या दुष्परिणामांपेक्षा वाट पाहणे बरे. हृदयात ही सवलत नाही. दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातून विद्युतसंदेशांची वाट जाते. तेथे लहानशी गाठ झाली तरी संदेश अडतो, ईसीजीवर वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या चालीने चालताना दिसतात, नाडी मंदावते आणि रुग्ण चक्कर येऊन कोसळू शकतो. पुढे त्या जागी व्रण राहिला, तर त्यातून जीवघेणी वेगवान लय उद्भवू शकते; म्हणूनच काहींना स्टेरॉइडबरोबर पेसमेकर किंवा विजेचा झटका देऊन लय सावरणारे उपकरण बसवावे लागते.

प्रश्न : हृदयाची बायोप्सी (चिमट्याने कण काढून केलेली तपासणी) निर्दोष आली, तरी पेट (PET) स्कॅन कशाला? आणि आधी पिष्टमय पदार्थ बंद का?

उत्तर : गाठी विखुरलेल्या असल्याने चिमट्यात येणारा कण नेमका निरोगी भागातला असू शकतो, बायोप्सीत गाठ न सापडणे हेच अधिक वेळा घडते. स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. निरोगी हृदयही साखर शोषते, म्हणून आहारातून साखर आणि पिष्टमय पदार्थ वगळून त्याला स्निग्धांशावर आणावे लागते. मग दाह असलेला भागच उजळतो. खोकल्याची एक गोड गोळीही चित्र बिघडवू शकते.

प्रश्न : ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर : स्वतःहून नकोत. या गाठी ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप स्वतःच तयार करतात, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. आधी ते तपासून घ्यावे. गाठी कोठेही असोत.