जिओकॅशिंग (जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याचा खेळ) करताना कोणते प्राणी अचानक समोर येतात? तेव्हा काय करावं?

मोठ्या जनावरांपेक्षा लहान जीवच जास्त भेटतात, आणि तेही अगदी हाताशी. कारण सरळ आहे. जीपीएस तुम्हाला डब्याच्या काही मीटर अलीकडे-पलीकडे आणून सोडतो. पुढचा शोध दगडांच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, पडलेल्या ओंडक्याखाली. डबा लपवायला जी जागा उत्तम, तीच साप, विंचू आणि गांधीलमाश्यांनाही हवी असते. म्हणून न दिसणाऱ्या जागेत हात कधीच घालू नका. आधी काठीने ठोका, टॉर्च मारा. दगड उचलायचा असेल तर त्याची पलीकडची कड आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खालच्या जिवाला तुमच्या विरुद्ध बाजूला वाट मिळते. अतिनील टॉर्च असेल तर फारच छान; तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, आणि तो खरंच बघण्यासारखा असतो!

साप दिसला तर शांतपणे मागे सरका, त्याला जाऊ द्या. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. हालचाल कमीत कमी ठेवून थेट रुग्णालय गाठा.

डब्यात खाऊ ठेवू नका, वासाने प्राणी तो कुरतडतात. शेजारी घरटं दिसलं तर कॅश (म्हणजे लपवलेला डबा) तशीच सोडा आणि ऑनलाइन नोंदीत तसं लिहा, म्हणजे मालकाला ती काही काळ बंद ठेवता येईल.