दोन ‘तो’, एक भूत आणि न झालेलं संपादन

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतल्या वाचनगटासाठी दोन मुलांच्या प्रेमाची, जवळच्याच हरिपुरात घडणारी भुताची रहस्यकादंबरी घेतली, मुलांनी ती अर्ध्यावर सोडली, 12 प्रती पडून आहेत. हे वाईट मुद्रितशोधनामुळे झालं का, आणि आता काय करायचं?

तुम्ही दिलेली पानं वाचली. मुद्रितशोधन वाईट आहेच, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून सोळा वर्षांचा वाचक पुस्तक मिटत नाही. कुणाचा हात, कुणाची भीती हे कळेनासं झालं की मिटतो. या पुस्तकावर मुद्रितशोधनाच्या आधीचं काम, म्हणजे संपादनच, झालेलं दिसत नाही.

पान 61 बघा. ‘त्याने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात थरथरत होता. त्याने तो धरला.’ मुलगा आणि मुलगी असती तर ‘तो’ आणि ‘ती’नेच काम भागलं असतं. दोन मुलगे असले की मराठी ही सोय काढून घेते, आणि शेवटचा ‘तो’ तर हात आहे. त्यात लेखकाने भुताला ‘आत्मा’ म्हटलंय, म्हणजे खोलीत तिसराही ‘तो’ आला. यावर उपाय आहेत. ज्याच्या नजरेतून प्रसंग दिसतो त्यालाच ‘तो’ म्हणायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं. ‘आपला’ वापरायचा: ‘त्याने आपला हात मागे घेतला’ म्हटलं की हात कुणाचा याची शंका उरत नाही. आत्म्याऐवजी ‘सावली’ किंवा ‘आकृती’ लिहिलं की ती ‘ती’ होते आणि वाक्य मोकळं होतं. समलिंगी प्रेमकथा संपादताना प्रत्येक जवळिकीचा प्रसंग फक्त सर्वनामांसाठी एकदा वेगळा वाचावाच लागतो. नेमका जिथे जीव गुंतायला हवा तिथेच वाचक कोण कोण हे मोजत बसला, तर प्रेम पोचणार कसं?

‘सुअथर्वकाका’ आणि ‘अथर्वगिरीचं झाड’ ही छपाईची चूक नाही. नायकाचं नाव आधी नील असणार. शेवटच्या क्षणी संगणकावर एका झटक्यात सगळीकडे ‘अथर्व’ केलं, त्यात सुनीलकाका आणि नीलगिरी सापडले. ‘फक्त पूर्ण शब्द बदला’ हा पर्यायही मराठीत अपुरा पडतो, कारण नीलने, नीलला, नीलच्या हे त्यातून सुटतात. एकेक जागा बघून बदलणं हाच मार्ग. ‘मागर्’ आणि ‘सूयर्’ हे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार सरकल्याचं लक्षण आहे. ते पानोपानी आहे, म्हणजे बदलानंतर मजकूर कुणीच वाचलेला नाही.

आजीचं मात्र मला फार वाईट वाटलं. पान 20 वर ती ‘मी आलो बघ’ म्हणते, पान 33 वर ‘मी आले’. सांगली-कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी अर्ध्या जागी ‘सुधारणा’ केली. मुलांचंही तसंच: सुरुवातीला ‘काय करायलाईस?’, पुढे ‘काय करतोयस?’. शुद्धलेखनाचे नियम निवेदनाला लावायचे. संवादाची बोली कशी ठेवायची ते लेखकाशी आधी ठरवून एका कागदावर लिहायचं, आणि तो कागद मुद्रितशोधकाच्या हातात द्यायचा.

रहस्याची जुळणीही कुणी तपासलेली नाही. कथा 2019च्या पुरातली. पहिल्या श्रावणी सोमवारी हरिपूरच्या संगमेश्वर मंदिराजवळ पौर्णिमेचं चांदणं पडतं. आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे पहिल्या सोमवारी पौर्णिमा येऊच शकत नाही. त्या वर्षी ती 15 ऑगस्टला होती. पोलीस 377 कलमाची धमकी देतो, पण सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध त्या कलमातून वगळले. पोलिसाला खोटं बोलू द्या, पण मग ते खोटं पुढे कुणाला तरी कळायला हवं. मुलाचं वय एकदा 17, एकदा 19 आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो फरक लहान नाही.

सगळ्यात मोठी संधी वाया गेली ती पेवाची, म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेल्या खोल कोठाराची. दोघं मध्यरात्री हळदीच्या बंद पेवाचं तोंड उघडून लगेच आत उतरतात आणि तासभर लपतात. बंद पेवात प्राणवायू नसतो. तोंड उघडून काही तास थांबायचं, दिवा सोडून बघायचं, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, ही तिथली रीत. विझणारा दिवा भुताचा की हवेचा, यावर अख्खं रहस्य उभं राहिलं असतं. शिवाय 2005च्या महापुरात हरिपुरातल्या पेवांचं मोठं नुकसान झालं होतं, हे 2019च्या कथेत कुणाला आठवायला नको?

आता प्रतींचं. आधी सगळ्या प्रतींत फॉर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, पूर्ण आहेत का बघा. 16 पानांचा एखादा फॉर्मा गाळला किंवा उलटा बांधला गेला असेल, तर ती प्रत बदलून मागा. संपादनाच्या चुकांसाठी सहसा प्रत बदलून देत नाहीत, म्हणून प्रकाशकाला पत्र लिहा: पान, ओळ, छापलेलं, हवं ते, असे चार रकाने. अर्थ बिघडवणाऱ्या जागा आधी घ्या, वेलांट्या शेवटी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होणार का हे लेखी विचारा, आणि पत्राची प्रत लेखकालाही पाठवा. त्याची कल्पना खरोखर चांगली आहे.

गटातल्या मुलांना पान 61 द्या आणि कोणत्या ‘तो’च्या जागी कुणाचं नाव हवं ते पेन्सिलीने लिहायला सांगा. पुस्तक का सुटलं हे त्यांचं त्यांनाच सापडेल. हे आधी करा. नाहीतर दोन मुलांच्या प्रेमाच्या गोष्टी अशाच कंटाळवाण्या असतात, असं एखाद्याच्या मनात बसेल, आणि गटात कदाचित असाही एखादा असेल जो अशाच गोष्टीची वाट बघत होता.