जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा व्यवसाय कसा सुरू करावा?

तुम्ही लिहिलंय की हातात २० लाख आहेत, हिंजवडीत नोकरी आहे आणि पुण्यात जुने फ्लॅट घेऊन, नीट करून विकायचे आहेत. प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: "रंग, पीओपी, नवी फरशी आणि मॉड्युलर किचन केलं की पंधरा-वीस टक्के सुटतातच ना?" मी उत्तर लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे.

नाही, सुटत नाहीत. रंग उडालेलं घर बघून गिऱ्हाईक घाबरत नाही. ते मनातल्या मनात लाख-दीड लाख धरतं आणि तेवढेच कमी करून मागतं. जे कुणालाही करून घेता येतं त्याचे जादा पैसे कुणी देत नाही. स्वस्तात मिळतं ते घर, ज्याला बाकीचे भितात: खालच्या घरात गळणारं, कागद अर्धवट असलेलं, वारसांच्या भांडणात अडकलेलं. यातलं एखादं दुखणं तुम्हाला खरोखर निस्तरता येत असेल तरच या धंद्यात पडा. मला पाण्याचं कळतं, म्हणून मी पाण्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

माझे वडील प्लंबर होते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाला आटे पाडताना दुसरं टोक धरायला मी असायचे, सांध्याला सफेदा आणि ताग गुंडाळायला मी शाळेत असतानाच शिकले. लग्नानंतर यातलं काही उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, जुने फ्लॅट घेऊन विकायची कल्पना काढली तेव्हा निम्मे पैसे त्यांचे, निम्मे आमचे, असं ठरलं.

फ्लॅट कर्वेनगरमधला. १९८४ची इमारत, लिफ्ट नाही, दुसरा मजला, दोन बेडरूम. मूळ मालक वारलेले, मुलं अमेरिकेत. गिऱ्हाइकं येत होती आणि परत जात होती, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमचं छत. गिलावा पडून सळ्या उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगल्या होत्या. काकूंनी सोसायटीकडे लेखी तक्रार केलेली, आणि गळती थांबल्याशिवाय ना हरकत पत्र देणार नाही असं सेक्रेटरींनी सांगून टाकलेलं. (आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, विक्रीला असं पत्र लागत नाही, पण गिऱ्हाइकाची बँक मागते, म्हणून सगळे अडतात.) मालकांनी ६७ लाखांवरून सुरुवात केली होती. मी आधी खाली जाऊन काकूंचं छत बघून आले, मग वर जाऊन ६२ म्हणाले. ६२लाच झालं.

ताबा मिळाला त्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून आमचं भांडण झालं. भाऊजींचं म्हणणं, हॉलला पीओपी आणि लपवलेले दिवे, मोठ्या टाइल्स, चकचकीत किचन, आणि बाथरूममध्ये जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवायच्या. "वहिनी, गिऱ्हाईक संडास उकरून बघत नाही. दिसतं तेच विकतं." मी म्हटलं, दोन्ही बाथरूम स्लॅबपर्यंत फोडायची. त्यावर ते म्हणाले, "प्लंबरच्या मुलीला पाइपच दिसणार." हे वाक्य पुढे प्रत्येक लग्नाकार्यात, प्रत्येक गणपतीत मी ऐकलं आहे. आज त्याचं उत्तर इथे देते.

शेवटी आम्ही बाथरूम फोडलीच. जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर कोबा करतात. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा, सांधा तडकला की पाणी त्या भरावात साचतं. वरून फरशी कोरडी ठणठणीत दिसते, नळही गळत नाही, आणि खालच्या घरात बारा महिने थेंब पडत राहतात. आमचा भराव काळा पडला होता आणि पिळला तर पाणी निघेल इतका भिजलेला. भिंतीतली जीआयची लाइन आतून गंजून इतकी झिजली होती की पाना लावला तिथेच तुटत गेली. सगळं काढलं. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यांना गोलाई, नवा ट्रॅप, सीपीव्हीसी प्लास्टिकची लाइन. मग आउटलेट बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवलं. खाली काकूंकडे जाऊन छत बघितलं, मग भराव, पुन्हा थर, पुन्हा पाणी भरून परीक्षा. पाणी नुसतं उभं असायचं आणि भाऊजी व्याजाचे दिवस मोजत फेऱ्या मारायचे. काकूंच्या छताच्या सळ्या घासून, गंजरोधक लावून, पॉलिमरच्या मसाल्याने तेही आमच्या खर्चाने नीट करून दिलं.

ही परीक्षा गवंड्यावर सोडू नका. तो "झालं ताई, टेन्शन नका घेऊ" म्हणतो आणि दुसऱ्या साइटवर जातो. स्वतः उभं राहा.

गुढीपाडव्याच्या सुमारास एक जोडपं आलं, सोबत मुलाचे वडील. जलसंपदा खात्यातून निवृत्त. मुलगा-सून किचनमध्ये ड्रॉवर उघडून बघत होती. वडिलांनी सगळं घर एकदा फिरून बघितलं आणि विचारलं, "खाली कोण राहतं?" तसेच जिना उतरून गेले. काकूंनी त्यांना आपल्या बाथरूममध्ये नेलं, कोरडं छत दाखवलं आणि आधी काय होतं, कोणी कसं फोडलं, कितीदा येऊन बघून गेले, सगळं न विचारता सांगितलं. ते वर आले, खिडकीच्या कठड्यावर बसले आणि किमतीचं बोलायला लागले. ८४ लाखांना सौदा झाला. त्या घराची विक्री पहिल्या मजल्यावर झाली, आमच्या हॉलमध्ये नव्हे.

आता हिशेब, कारण तुमचा प्रश्न नफ्याचा आहे. ८४ वजा ६२ म्हणजे २२ असं कुणी सांगत असेल तर त्याने कधी घर घेतलेलं नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के. फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणून माझ्या नावावर घेतलं, ३ लाख ७२ हजार. (सवलतीत घेतलेलं घर पुरुषाला १५ वर्षं विकता येणार नाही अशी अट पूर्वी होती, ती २०२३ मध्ये काढली. ती असती तर या धंद्याला ही सवलत निरुपयोगी होती.) नोंदणी ३० हजार, खरेदीची दलाली ६२ हजार, वकील वगैरे २० हजार, सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करून देण्याचे पैसे, २५ हजार. महापालिका क्षेत्रात यापेक्षा जास्त घेता येत नाही, तरी 'देणगी' मागतात. लेखी मागा म्हणायचं. दुरुस्ती ९ लाख: बाथरूम आणि प्लंबिंग ३ लाख २० हजार, वायरिंग १ लाख १० हजार, ओटा आणि किचन १ लाख ६० हजार, फरशी दीड लाख, खिडक्या-दारं ७० हजार, रंग ९० हजार. कर्जाचं व्याज २ लाखांच्या आसपास, मेंटेनन्स, वीज आणि घरपट्टी ४० हजार, विक्रीची दलाली ८४ हजार. राहिले साधारण ४ लाख ६७ हजार, तेही आयकराच्या आधी. घातलेल्या रकमेवर ६ टक्क्यांच्या आत.

भाऊजी म्हणतात, बाथरूम फोडली नसती तर ७ लाखांच्या पुढे गेलो असतो. हे मला मान्य नाही. ६७चं घर ६२ला मिळालं ते गळतीमुळे. ते ५ लाख काढले की हातात काहीच उरत नाही, उलट पदरचे जातात. आमचा सगळा नफा त्या भरावात होता, आणि तो बाहेर काढायला प्लंबरचीच मुलगी लागली.

पुढचा फ्लॅट त्यांनी एकट्याने केला, सगळा त्यांच्या पद्धतीने. लवकर विकला गेला आणि कागदावर नफाही आमच्याहून जास्त झाला, हे खरं आहे, लपवत नाही. पहिल्या पावसाळ्यात हॉलच्या पीओपीवर पिवळे डाग आले, बाथरूमच्या खालच्या घरातून तक्रार आली, आणि घेणाऱ्यांचे फोन रात्री-अपरात्री सुरू झाले. कायद्याने देणं लागतं की नाही यावर वाद घालता आला असता, पण ज्या एजंटने गिऱ्हाईक आणलं होतं त्याने फोन उचलणं बंद केलं. शेवटी नव्या टाइल्स, जुन्या टाइल्स आणि भराव, तिन्ही फोडून खर्च भाऊजींनीच केला. या धंद्यात गिऱ्हाईक एजंट आणतो आणि एजंट एका भागातच राहतो. एका घराचं नाव वाईट झालं की पुढची तीन घरं तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचं. २० लाखांत एकट्याने पुण्यात जमत नाही. ६२ लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाही. म्हणजे १२ लाख ४० हजार तुमचे, वरखर्च ५ लाख, दुरुस्ती ९ लाख. साडेसव्वीस लाख हातात हवेत, आणि घर सहा महिने पडून राहिलं तर हप्ते भरायला वेगळे. भागीदार घ्यायचा तर सगळं लिहून घ्या, विशेषतः दुरुस्तीवर शेवटचा शब्द कोणाचा. घरातला माणूस असेल तर आधी लिहा.

भाव एजंटला विचारू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीचे, शेजारच्या इमारतीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, बघा. लोक काय मागतात ते नाही, कितीला नोंदलं गेलं ते कळतं. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला, दरही बघा, शुल्क दोन्हींपैकी जो आकडा जास्त त्यावर लागतं.

कागद वकिलाकडून तपासून घ्यालच. तरी वारसाचं घर असेल तर एवढं लक्षात ठेवा: सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे तो मालक नव्हे, सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र हवं. आणि विकणारा परदेशात स्थायिक असेल तर ५० लाखांपासूनच्या घराला लागणारा नेहमीचा १ टक्का टीडीएस (घेणाऱ्याने पैसे देतानाच कापून भरायचा कर) नाही, त्याहून बराच जास्त कापावा लागतो. कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्यावर येते. आमची मालक मंडळी अमेरिकेत असल्यामुळे सीएकडे आधी गेलो, टोकन नंतर दिलं.

२४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. पगारामुळे ३० टक्के कराच्या टप्प्यात असाल तर वरचे ४ लाख ६७ हजार ३ लाखांच्या थोडे पुढे येऊन थांबतात. दुरुस्तीची पक्की बिलं ठेवा.

सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचा. पुनर्विकासाची चर्चा ठरावापर्यंत गेली असेल तर आत एक रुपयाही घालू नका. त्या इमारतीत गिऱ्हाईक चौरस फुटांचे पैसे देतं, इमारत पाडणार म्हटल्यावर फरशी कुठली हे कोण बघतो. स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा, ३० वर्षांवरच्या इमारतीला ३ वर्षांतून एकदा ऑडिट करायचं असतं. झालेलं नसेल तर सोसायटी कशी चालते तेही कळतं.

घर पावसात बघा, जुलै-ऑगस्टमध्ये. मे महिन्यात ताजा रंग दिलेलं घर बघून निर्णय घेऊ नका. पितृपक्षात गिऱ्हाईक टोकन देत नाही, म्हणून काम दसऱ्याआधी संपवा किंवा सरळ गुढीपाडवा धरा. आमचं काम दसऱ्यानंतर संपलं आणि पाडव्यापर्यंतचं व्याज भरावं लागलं, ते वरच्या हिशेबात आहे.

दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करूच नये असं माझं म्हणणं नाही. ओटा, उजेड, दाराची कडी, स्विच, याला गिऱ्हाईक हात लावून बघतं, तिथे चांगलंच सामान वापरा. पण आधी पाणी, मग वायरिंग, मग उरलेल्या पैशात शोभा. पेठांतल्या लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच सगळा भार असलेल्या, इमारतींत मी काम केलेलं नाही. तिथे भिंतीला हात लावायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. गच्चीची गळती किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, त्यामुळे वरच्या मजल्याचा फ्लॅट घेताना तुमचं कौशल्य कामाला येत नाही, सोसायटीच्या बँक खात्यात किती शिल्लक आहे ते कामाला येतं. आणि नोकरी इतक्यात सोडू नका, पहिल्या घराला पगाराची पावती नसेल तर कर्ज मिळणं कठीण.

एखादा फ्लॅट मनात असेल तर इमारतीचं साल, मजला आणि खालच्या घराच्या बाथरूमचं छत कसं आहे ते खाली लिहा. छत बघितलं नसेल तर आधी बघून या, मग लिहा.