दर वेळी तेच दान पडतंय? मशीन दुरुस्तीला टाकू नकोस

काकांचा स्पेक्ट्रम प्लस, तो ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, माळ्यावरनं काढला, सापशिडीसाठी फाशाचा प्रोग्रॅम टाइप केला, आणि मशीन बंद करून चालू केलं की दर वेळी १, १, ३, ५, २, २ हेच दान पडतंय, चिप गेली असेल तर दुरुस्तीला टाकू का, असं तू विचारलंयस. भावा, अजिबात टाकू नकोस. हेच सहा आकडे १९८९ च्या मे महिन्यात मंगळवार पेठेतल्या घरी मी वहीच्या मागच्या पानावर लिहिले होते, कारण पहिला डाव माझा असायचा आणि तीन-तीन दानं झाली की मी ६ वर आणि धाकटी बहीण ८ वर, रोज.

मशीन ठणठणीत आहे. चालू केल्यावर बीज, म्हणजे ज्या आकड्यावरनं पुढची दानं काढली जातात तो आकडा, शून्य असतं, मग त्यात एक मिळवायचा, ७५ नं गुणायचं, ६५५३७ नं भागून बाकी घ्यायची, एक वजा करायचा, असा हिशोब चालतो, म्हणजे सुरुवात तीच तर दानं पण तीच. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'बटण दाबा' असं दाखव, पुढं पॉज शून्य (PAUSE 0, म्हणजे बटण दाबेपर्यंत थांब) आणि मग नुसतं रँडमाइझ (RANDOMIZE, म्हणजे नवं बीज घे), पुढं आकडा न देता. मग मशीन आपल्या आतल्या, सेकंदाला ५० वेळा पुढं सरकणाऱ्या काउंटरवरनं बीज घेतं आणि तुझं बोट रोज त्याच क्षणी पडत नाही. पण हे एकदाच. प्रत्येक दानाआधी घातलंस तर पटापट बटण दाबल्यावर बहुतेक तोच आकडा परत येईल.

मला हे सांगणारं कुणी नव्हतं. एका दुरुस्तीवाल्यानं चिप गेलीय म्हणून अडीच महिने मशीन ठेवून घेतलं आणि तपासताना भलताच अडॅप्टर लावला. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह असते, आजकालच्या बहुतेक अडॅप्टरची पॉझिटिव्ह असते. मशीन कायमचं गेलं. वर 'आणलं तवाच बंद होतं' म्हणून तपासणीचे पैसे घेतले. बाबांनी ओव्हरटाइम करून घेतलेलं मशीन होतं ते, अजून राग येतो. त्यामुळं अडॅप्टर नवा घेणार असशील तर आधी मल्टिमीटर लावून बघ, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस.

मी काही इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, चित्र हलत असेल किंवा मशीन तापत असेल तर तो वेगळा विषय. आणि हे स्पेक्ट्रमपुरतंच, बीबीसी मायक्रो या त्याच काळातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर RND पुढं कंसात ६ दिला की सरळ १ ते ६ मिळतात, तिथलं बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, वेगळं.

पुढं दोन फासे करशील तर २ ते १२ मधला एकच आकडा काढू नकोस, लई जण तिथंच चुकतात. दोन दानं वेगळी काढून बेरीज कर, कारण ७ पडायच्या ३६ पैकी ६ तऱ्हा आहेत आणि २ ची एकच.

आज रात्री ती रँडमाइझची ओळ घाल, मशीन दोनदा बंद-चालू कर आणि दोन्ही वेळची पहिली सहा दानं इथं टाक.